मिसेस पाउनॉल, चहा कोण करणार?

ही १९७२ सालातली गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत खाणकामगारांचा संप होता, वीज सारखी जायची, म्हणून आम्ही अर्धा चित्रपट खऱ्या मेणबत्त्यांवर काढला. मे उजाडला तेव्हा वीज परत आली होती, पण दोन खोकी मेणबत्त्या उरल्या होत्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून मालकांनी आणखी एक भुताचा चित्रपट सुरू केला. आमच्याकडे चित्रपट असेच सुरू व्हायचे.

मालक म्हणजे ऑसवल्ड फेन. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, आणि वारा सुटला की जेवणाच्या तंबूच्या खुंट्या ठोकणारेही तेच. थेम्सच्या काठी त्यांनी एक जुनं घर भाड्यानं घेतलं होतं. त्या घरात एकच जिना होता. त्या एका जिन्यावरून नऊ चित्रपटांत नऊ नवऱ्या मुलींना किंचाळत उतरताना मी पाहिलंय. दर वेळी कठड्याला नवा रंग, एवढाच फरक. मागची हिरवळ म्हणजे कार्पेथियन पर्वत. हीथ्रोहून विमान निघालं की त्या पर्वतातले सगळे गावकरी तोंडं मिटून उभे राहायचे, आणि आवाज विरला की पुन्हा मशाली उचलायचे. रक्त म्हणजे साखरेचा पाक, लाल रंग आणि चवीला पेपरमिंट. उन्हाळ्यात त्यावर गांधीलमाश्या यायच्या. आमच्या एका रक्तपिपासू सरदाराला ओठावर माशी चावली, तेव्हा पुढचे चार दिवस आम्ही त्याला फक्त उजव्या बाजूनं दाखवला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. चित्रपट सलग काढत नाहीत, तुकड्यातुकड्यानं काढतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका तुकड्यात मेणबत्ती अर्धी जळलेली असेल तर तीन दिवसांनी काढलेल्या पुढच्या तुकड्यातही ती अर्धीच हवी. हे सांभाळणं माझं काम. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी लगेच फोटो बाहेर येणारा कॅमेरा असे. माझ्याकडे वही आणि पेन्सिल होती. कोणाचा हात कुठे, झग्याची चुणी कशी, केसांची बट कानाच्या पुढे की मागे, सगळं मी काढून घ्यायचे. बोटं काढायला मला फार वेळ लागायचा. चित्रकार मी कधीच नव्हते.

म्हणून आमच्याकडे एक नियम पडला होता. जिवंत माणसांनी ‘कट’ म्हटल्यावर हवं तिथे जावं. मेलेल्यांनी उठायचं नाही. त्यांना मी वहीत काढून घेणार, आणि मग एकेकाचं नाव घेऊन उठवणार. नाव घेईपर्यंत प्रेतानं पापणीसुद्धा हलवायची नाही. एकदा एक प्रेत आपणहून उठून सँडविच खायला गेलं आणि परत येऊन भलत्याच कुशीवर निजलं. आमचं सहा मिनिटांचं चित्रण वाया गेलं. त्यानंतर मालकांनी हा नियम सगळ्या प्रेतांना हात वर करून वदवून घेतला होता.

आमचं सर्वांत चांगलं प्रेत म्हणजे मिसेस आयडा पाउनॉल. चहावाल्या. वय एकसष्ट, मूळच्या बोल्टनच्या, नवरा वारलेला, गुडघे दुखरे. सकाळी साडेदहाला आणि दुपारी चारला त्यांची चहाची ढकलगाडी यायची, आणि ती आली की जगबुडी होत असली तरी काम थांबायचं. एकदा प्रेत व्हायला ठरलेली बाई आली नाही म्हणून मालकांनी त्यांनाच ॲप्रन काढून आडवं व्हायला सांगितलं. डोळे उघडे ठेवून, श्वास रोखून, दीड मिनिट त्या अशा पडून राहिल्या की कॅमेरावाला घाबरून पुढे झाला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक चित्रपटात त्या एकदा तरी मरायच्या.

त्यांना उठवताना मी इतरांसारखं नुसतं नाव घ्यायचे नाही. म्हणायचे, “मिसेस पाउनॉल, चहा कोण करणार?” मग त्या उठून बसायच्या, पाठ चोळायच्या आणि दर वेळी तेच म्हणायच्या, “मेलं तरी सुट्टी नाही, पोरी.”

त्यांचं एकच दुखणं होतं. बोल्टनला त्यांची धाकटी बहीण एडिथ होती, आणि आयडा चित्रपटात असते यावर तिचा विश्वास नव्हता. पडद्यावर ती दिसली तरी तोंडाला पांढरा रंग, केस मोकळे. ही कुणीही असेल, असं एडिथ म्हणायची. नाव कुठे आहे तुझं? आणि नाव नसायचंच. आमची नावं काचेवर रंगवून त्या काचांचं चित्रण करायचे. मालकांकडे सात काचा होत्या. सात काचांत चहा बसत नव्हता.

नदीपलीकडे मोठा स्टुडिओ होता. पूल ओलांडला की वीस मिनिटं चालायचं. तिथे त्या वसंतात एक अमेरिकन दिग्दर्शक मोठा भयपट काढत होता. त्याच्याबद्दल आम्ही रोज काहीतरी ऐकायचो. त्यांनी खरं चर्चचं तळघर बांधलंय, खरे दगड आणलेत. बोलताना तोंडातून वाफ दिसावी म्हणून अख्खं दालन यंत्रं लावून गोठवलंय, पाण्याचा बर्फ होईल इतकं. आमच्याकडे थंडी दाखवायची तर नटानं मिसेस पाउनॉलचा कढत चहा तोंडात घ्यायचा, गिळायचा आणि लगेच बोलायचं. एका वाक्यापुरती वाफ निघायची. मालक वाक्यं त्या मापाची लिहायचे.

पण त्या गोठलेल्या दालनात मोठ्या लोकांना एक अडचण आली. वाफ जिवंतांच्या तोंडातून निघते तशी प्रेतांच्याही निघते. शिळेवरची मुख्य मृत बाई प्रत्येक वेळी धुरांड्यासारखी वाफ सोडायची. त्यांनी मेणाचा पुतळा करून पाहिला. तीन महिने खपून केलेला पुतळा, पण रंग काही जमला नव्हता, जवळून तो पुतळाच दिसायचा. कोणीतरी त्यांना सांगितलं की नदीपलीकडे एक चहावाली आहे.

बोलावणं घेऊन आला तो जाइल्स, तिथल्या दिग्दर्शकाचा तिसरा मदतनीस. गोरापान, उंच, कमरेला बिनतारी यंत्र, बोलायला अतिशय मऊ. मिसेस पाउनॉलना त्यानं लाडानं आजी म्हटलं. त्या म्हणाल्या, “आजी तुझी घरी असेल. मी मिसेस पाउनॉल. साखर किती घेतोस?” त्यानं चहा घेतला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला की त्यांच्याकडे शेवटी सगळ्यांची नावं येतात. गाडी चालवणाऱ्यांचीसुद्धा. तुमचंही येईल.

मिसेस पाउनॉलनी किटली खाली ठेवली. माझं नाव, लंडनला, लेस्टर स्क्वेअरच्या पडद्यावर? तो म्हणाला, अख्खं नाव.

मालकांनी एका दिवसाची सुट्टी दिली. मला पण दिली, कारण मिसेस पाउनॉल म्हणाल्या की नोरीन बरोबर असेल तरच मी येते, दुसऱ्या कुणाच्या वहीवर माझा विश्वास नाही.

बाहेर सुरेख ऊन होतं त्या दिवशी, नदीवर लोक होड्या घेऊन आले होते. आम्ही आत गेलो आणि थंडीनं माझे डोळे पाणावले. मला ताबडतोब कापूस भरलेला एक जाडजूड कोट देण्यात आला, गुडघ्यापर्यंतचा. कॅमेरावाल्यांना, दिवेवाल्यांना, सगळ्यांना तसे कोट होते. मी आयुष्यात एवढा उबदार कोट घातला नव्हता. हे मी सांगते आहे कारण तो कोट मला अजून आठवतो.

मिसेस पाउनॉलना पातळ पांढरा झगा घालून शिळेवर झोपवलं. आमच्याकडे शिळा म्हणजे लाकडी फळी आणि वर राखाडी रंग. इथली खरी होती. इटलीतून आणलेला संगमरवर. मी हात लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला. मिसेस पाउनॉल झोपल्या, उजवा हात डाव्यावर ठेवला आणि मला म्हणाल्या, “गार आहे गं. पण काय सुरेख आहे, पोरी.” वाफ दिसू नये म्हणून त्यांना तोंडात धरायला बर्फाचे खडे दिले. आजूबाजूला आणखी सहा प्रेतं जमिनीवर टाकली होती, ती त्या स्टुडिओची स्वतःची.

मला कॅमेऱ्याच्या मागे उभं केलं आणि जाइल्सनं कानात सांगितलं की पाहुण्यांनी आत बोलायचं नाही. मी मान डोलावली. मिसेस पाउनॉलना मी दिसत होते. माझ्या हातात वही होती. सवयीनं आणली होती, उघडली मात्र नाही, कारण तिथे रंगभूषेची एक बाई दर शॉटनंतर फोटो काढायची आणि तो हलवत वाळवायची. किती सोपं, असं मला वाटलं.

आमच्याकडे एक शॉट एकदाच व्हायचा. फार तर दोनदा. त्यांनी तो एकोणीस वेळा घेतला. नऊ वाजल्यापासून एकपर्यंत. पहिल्या वेळीच मिसेस पाउनॉल अशा मेल्या की त्या अमेरिकन माणसानं टोपी काढली. पण कधी मेणबत्तीची ज्योत हलली, कधी शिळेभोवतीच्या एखाद्या ख्रिस्ती साधूचा पाय घसरला, कधी काहीच झालं नाही तरी त्याला आणखी एकदा हवं होतं. दर दोन शॉटच्या मध्ये ती सहा प्रेतं उठून शेजारच्या गरम खोलीत पळायची. तिथे शेगड्या होत्या, सूप होतं. मिसेस पाउनॉल हलल्या नाहीत.

जाइल्स एकदा त्यांच्यापाशी वाकला, आत येऊन शेकून घ्या म्हणाला. त्यांनी उत्तर दिलं नाही. मेलेली बाई उत्तर देत नाही. तो हसत माझ्याकडे वळला. या अशाच असतात का, असं त्यानं नजरेनं विचारलं.

मी मान डोलावली. मला अभिमान वाटला होता. आमच्या फळीच्या शिळेवरची, सात काचांत न बसणारी आमची बाई, आणि हे सगळे कोट घातलेले लोक तिच्याकडे पाहत राहिले होते.

एक वाजता ‘कट’ झालं, फोटो काढले गेले, जेवणाची सुट्टी पुकारली. जाइल्सनं माझा दंड धरला आणि म्हणाला की आमची खानावळ तुम्ही पाहिलीच पाहिजे. मी मागे वळून पाहिलं का? मी पन्नास वर्षं आठवते आहे. मला नाही वाटत मी पाहिलं.

खानावळीत भाजलेलं मटण होतं आणि गोडाचे तीन प्रकार होते. आमच्याकडे सँडविच असायची, आणि पिठाळ, घट्ट असं एक सूप. मी ताट भरून घेतलं. जाइल्स गमती सांगत होता. लांब टेबलावर साधू बसले होते, झग्याच्या बाह्या वर करून जेवत होते, आणि त्यांच्या पलीकडे पांढऱ्याफटक तोंडांची प्रेतं एकमेकांना मीठ देत होती. मोजणं हा माझ्या कामाचा भाग. मी न ठरवता मोजलं. सहा.

मी जाइल्सला विचारलं, मिसेस पाउनॉल कुठे आहेत? बाथरूमला गेल्या असतील, तो म्हणाला. मी विचारलं, त्यांना उठवलं कोणी?

त्याला प्रश्नच कळला नाही. उठवलं म्हणजे? सुट्टी झाली म्हटल्यावर माणूस उठतो.

घास माझ्या तोंडात होता.

मी पळाले. उन्हातून, त्या जाड कोटासकट. दालनाचं दार बाहेरून बंद होतं, गारवा जाऊ नये म्हणून जेवणाच्या वेळी ते कडी घालून ठेवायचे. दारावरचा पहारेकरी म्हणाला की आत कोणी नाही, आणि परवानगीचा कागद असल्याशिवाय उघडता येत नाही. मी म्हटलं आत बाई आहे. तो म्हणाला, आत एक मेलेली बाई आहे, पुतळा, मी स्वतः दिवे घालवताना पाहिली. आमच्या घराच्या एकाही दाराला कडी नव्हती. मी नुसती दारावर हात आपटत राहिले. मग जाइल्स धावत आला, गळ्यात अजून रुमाल खोचलेला, आणि त्यानं पहारेकऱ्याला बाजूला ढकलून कडी काढली.

एकच दिवा चालू होता. मिसेस पाउनॉल होत्या तशाच होत्या. उजवा हात डाव्यावर, डोळे उघडे, छताकडे. चेहऱ्याचा रंग निळसर राखाडी, ओठ काळपट. वाफ नव्हती. त्या थंडीत माझ्या तोंडातून वाफ निघत होती, जाइल्सच्या निघत होती, आणि तिथे काही नव्हतं.

मी जवळ गेले आणि म्हटलं, “मिसेस पाउनॉल, चहा कोण करणार?”

त्या उठल्या नाहीत.

जाइल्स तिथेच खाली बसला. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, जसं आमच्याकडे हिरवळीवरून म्हणायचे तसं. आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून दोरा निघावा तशी वाफ निघाली. इतकी बारीक, की मला वाटलं मला भास झाला.

पुढचं फार भराभर झालं. मी कोट काढून त्यांच्यावर टाकला आणि त्यांना मिठी मारून बसले. माणसं आली, घोंगड्या आल्या, कोणी रुग्णवाहिकेला फोन करत होतं. आणि त्या गर्दीतून ती रंगभूषेची बाई पुढे आली. ती माझ्या खांद्यावरून वाकली, कोट थोडा बाजूला केला आणि मिसेस पाउनॉलच्या तोंडाचे दोन फोटो काढले. दुष्टपणा नव्हता तिच्यात. ती कामात होती. फोटो हलवत ती स्वतःशीच म्हणाली, “हा निळा मला तीन महिने सापडत नव्हता.”

आयुष्यभर मी खोट्या रक्तात आणि खोट्या मढ्यांत वावरले, पण माझ्या अंगावर काटा आला तो त्या एकाच वाक्यानं.

मिसेस पाउनॉल दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आल्या. मी इस्पितळात त्यांच्या खाटेपाशी होते. त्यांनी मान वळवून मला पाहिलं आणि विचारलं, “झाली का बोटं काढून?”

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, “मला वाटलं तू अजून काढतेयस. बोटांना तुला वेळ लागतो. ते सगळे गेलेले मला ऐकू आलं, पण म्हटलं, पोरगी आहे ना तिथे.”

संध्याकाळी मालक आले, थर्मासमध्ये स्वतः केलेला चहा घेऊन. तो चहा पिण्यासारखा नव्हता आणि मिसेस पाउनॉलनी तसं त्यांना सांगितलं. बाहेर व्हरांड्यात मालकांनी मला एकच गोष्ट विचारली. तू तिथेच होतीस ना? मी हो म्हटलं. त्यांनी टोपी घातली आणि ते गेले. त्यांनी मला रागावायला हवं होतं.

पुढच्या वर्षी तो मोठा चित्रपट लागला. आम्ही लेस्टर स्क्वेअरला गेलो, मिसेस पाउनॉल काठी टेकत, मी, आणि मुद्दाम बोल्टनहून आलेली एडिथ. शिळेवर होता तो पुतळा. नवा रंग दिलेला. कॅमेरा अगदी जवळ गेला तेव्हा सबंध चित्रपटगृहानं श्वास रोखला आणि माझ्यामागची एक मुलगी रडायला लागली. शेवटी नावं आली. गाडी चालवणारे, खानावळवाले, घोड्यांची निगा ठेवणारा. आम्ही तिघी दिवे लागेपर्यंत बसून राहिलो. मिसेस पाउनॉलचा शॉट वापरला नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे नाव नाही, असं नंतर कळलं.

मिसेस पाउनॉल उठताना म्हणाल्या, “रंग माझा घेतला. नाव विसरले.”

एडिथनं बहिणीचा कोट धरला आणि एक एक हात आत घालायला मदत केली.

जाइल्सनं त्या अपघाताच्या आठवड्यातच नोकरी सोडली होती. तो डेव्हनला प्राथमिक शाळेत शिक्षक झाला. नाताळला त्याचं कार्ड अजून येतं, आणि त्यात तो कधीही त्या दिवसाबद्दल लिहीत नाही. त्या अमेरिकन माणसानं आणखी चार चित्रपट काढले. रंगभूषेच्या बाईला त्या पुतळ्यासाठी बक्षीस मिळालं.

मालकांनी आणखी तीन भुताचे चित्रपट काढले आणि मग भुतांना कोणी घाबरेनासं झालं. ७६ साली घर सोडावं लागलं. ते ८३ मध्ये गेले. घरात आता सदनिका आहेत, पण जिना तसाच आहे. मी एकदा आत जाऊन पाहिलं. कठड्याचा रंग एका ठिकाणी खरवडला तर खाली सगळे नऊ रंग होते.

मिसेस पाउनॉलच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. दीड महिन्यानं त्या ढकलगाडीवर परत आल्या. मेल्या मात्र पुन्हा नाहीत. पुढच्या चित्रपटासाठी मालकांनी आठवी काच आणली. तिच्यावर दुसरं कोणाचंच नाव नव्हतं. ‘चहा: मिसेस आयडा पाउनॉल’. बोल्टनला तो चित्रपट दोन दिवस चालला आणि एडिथ दोन्ही दिवस गेली.

मी पुढे तीस वर्षं मोठ्या स्टुडिओंत काम केलं. फोटोचे कॅमेरे आले, नंतर तेही गेले. पण ‘कट’ झाल्यावर मी प्रेतांची नावं घेऊन त्यांना उठवायचे, मोजायचे, आणि सगळी उठल्याशिवाय जेवायला जायचे नाही. नवी मुलं हसायची. हसू देत.

मिसेस पाउनॉल १९८९ च्या मार्चमध्ये झोपेत वारल्या, बोल्टनला, एडिथच्या घरी. त्यांना ठेवलं होतं त्या खोलीत एडिथनं मला एकटीला सोडलं. त्यांचा डावा हात उजव्यावर ठेवला होता. मी तो उचलला आणि उजवा वर घेतला, जसा त्या ठेवायच्या. मग मी ते वाक्य म्हटलं. आणि मला बोटं काढायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ तिथे उभी राहिले.